दिगूमास्तरांचा हात

दिगूमास्तर कुणाच्याही घरी गेले की कडी वाजवत नसत, हाकही मारत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून एक टाळी वाजवत. एकच. मग मान जराशी डावीकडं कलती करून थांबत आणि आतून कुणी "या" म्हणायच्या आधीच चपला काढून आत येत. निजामाच्या काळात मोठ्या घरांतून नोकरांना टाळी वाजवून बोलवत. त्यामुळं आमच्या औरंगपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांना ती जुनी अदब वाटे आणि पोरांना गंमत. मला ती टाळी पहिल्यापासून आवडली नाही. दूधवाल्याची हाक आली की घरातलं कुणीतरी उठतं. मास्तरांची टाळी वाजली की आमच्या घरात सगळेच बोलता बोलता थांबत, आणि का थांबलो ते कुणालाच सांगता येत नसे.

त्यांचं नाव दिगंबर देवगावकर. त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत. पियानो वाजवण्यात जिल्ह्यात त्यांना जोड नव्हती. आता जिल्ह्यात दुसरा पियानो फारसा कुणी बघितलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पुढं त्यांनी लग्नाचा बँड काढला आणि त्याच्याही पुढं मुंबईच्या टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम सादर करून घराघरात पोचले. मी विम्याचा एजंट. लोकांना मरणाची आठवण करून देणं हा माझा धंदा आणि लग्नात वाजवणं हा त्यांचा. गावानं मात्र आम्हा दोघांना एकाच पारड्यात बसवलं. "एजंटसाहेब, तुमची अन् मास्तरांची भागीदारी हाय म्हणं," असं लोक पानाच्या ठेल्यावर तोंडावर विचारत. मी हसून सोडून देई. पुढंपुढं ते हसणं जड जाऊ लागलं.

पियानो त्यांच्या घरी आला तो निव्वळ घोटाळ्यानं. पोलीस ॲक्शननंतरची ती पहिली वर्षं. कितीतरी बडी घरं बिऱ्हाड गुंडाळून हैदराबादेकडं किंवा त्याच्याही पलीकडं निघाली होती आणि छावणीत जुन्या सामानाचे हर्राज होत. मास्तरांचे वडील महसूल कचेरीत अहलकार. त्यांनी चादरीखाली झाकलेली एक काळी, उंच, शिसवी वस्तू बघितली आणि कपाट समजून बोली लावली. चादर उचलून बघावी, तर चार लोकांत ते हावरटपणाचं दिसेल, हा कारकुनी संकोच आडवा आला. बैलगाडीतून कपाट घरी आलं. मास्तरांच्या आईनं लोणच्याच्या बरण्या तयारच ठेवल्या होत्या. झाकण उघडलं तर आत पांढरेशुभ्र दात. ती माउली किंचाळून मागं सरली. मग हळदकुंकू वाहून तिनं त्या वस्तूचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं, आणि पुढचे कित्येक दिवस ती त्या खोलीत त्याच्याकडं पाठ करत नसे. "हसणारं कपाट" असंच त्याचं नाव गल्लीत पडलं.

वाजवायला शिकवलं ते पीटरसाहेबांनी. हे निजामाच्या पलटणीचे बँडमास्तर. पलटणच मोडली, तेव्हा साहेबांना बँड उरला नाही आणि जायला गावही उरलं नाही. छावणीतल्या एका खोलीत एकटे राहत. पियानोची बातमी ऐकून ते आपण होऊन आले, भिंतीकडं तोंड केलेला तो पियानो त्यांनी सरळ करून घेतला आणि दिगूला पहिला धडा दिला. धडा असा, की हात मांडीवर ठेवायचे, साहेब एकच पट्टी दाबतील, आणि तो सूर पूर्ण विझेपर्यंत ऐकायचा. "बजाना बाद में, बेटा. पैले सुन. आवाज जाता किधर, वो देख." दिगू महिनाभर नुसता ऐकत बसला. मास्तर हे मला सांगत तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर, ताटाच्या कडेवर, जे हाती लागेल त्यावर हलत असायची. भाकरी खाताना सुद्धा. शकूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या हातावर उलथण्यानं हलकेच मारून म्हणत, "आधी खा. भाकरीला सूर नसतो."

पियानोवर पोट भरत नाही, म्हणून मास्तरांनी बँड काढला. लाल डगले, पितळी बटणं, क्लॅरिनेटला शहागंजचे रहीमभाई, आणि पुढं हात उंचावून चालणारे मास्तर. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, तो परण्या. दुपारी चारच्या उन्हात निघणारा मास्तरांचा परण्या बघायला बायका गच्चीवर जागा धरून बसत. बँडवाल्यांचा एक जुना नियम असतो: ज्या घरात सुतक आहे, त्या घरासमोर वाजवायचं नाही. पुढाऱ्यानं हात वर केला की सगळ्यांनी गप्प व्हायचं, ते घर ओलांडायचं आणि पुढच्या दारापासून पुन्हा सुरू करायचं. सगळेच बँड हे पाळतात. पीटरसाहेबांनी मास्तरांना यात एक वाक्य जास्तीचं दिलं होतं. "पूछना नक्को. कान से समझना."

पहिल्यांदा घडलं ते पानदरिब्यात. एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरासमोर मास्तरांचा हात वर गेला आणि बँड बंद पडला. घरातली सगळी माणसं ओट्यावर उभी, धडधाकट, हसत, नवरदेवावर फुलं टाकायच्या बेतात. रस्ताभर फक्त घोड्याच्या टापा. नवरदेवाचा बाप तावातावानं पुढं आला.

"मास्तर, कोन मेलंय हितं?"

"कोन नाय."

"मंग वाजवा की!"

मास्तरांनी खाली मान घालून ते घर ओलांडलं आणि पुढच्या दाराशी हात खाली आणला. आठवडा उलटायच्या आत त्या घरातला थोरला मुलगा, चाळिशीही न गाठलेला, पूजेला बसल्या जागी कलंडला. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ, असं मी म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं.

दुसऱ्यांदा दौलताबादेत. किल्ल्याच्या खाली, सीताफळाच्या गाड्या लागतात त्या रस्त्यावर एक बंद घर होतं. दाराला कुलूप, कडीला कोळ्याची जाळी. मास्तर तिथं थांबले. वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसली. "मास्तर, कुलूप मरनार का?" त्या घराचा मालक मोटारीवर ड्रायव्हर, बायकामुलांसह नाशकाकडं राहत होता. दोन दिवसांनी मालकाच्या चुलत्याला तो गेल्याची तार आली. मग हसणाऱ्यांनी कानाला खडा लावला.

त्यानंतर गावाची रीतच बदलली. मास्तरांचा बँड येतोय कळलं की लोक दारं लावून घेत, किंवा उलट, सगळं घर ओट्यावर उभं करून हात जोडत. आजारी पोराला बायका मागच्या खोलीत नेऊन ठेवत. परण्या पुढं सरकला की घराघरातून श्वास सोडल्याचा आवाज येई; मी तो ऐकलेला आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तात्या म्हणून ऐंशी उलटलेले गृहस्थ होते, बायको जाऊन जमाना झालेला, डोळे गेलेले. ते काठी टेकत रस्त्यावर येत आणि ओरडत, "अहो मास्तर, आता तरी थांबा की माझ्या दारात!" मास्तर वाजवत पुढं जात. तात्या शिव्या देत आत जात. माझ्याकडं तर विचित्रच गर्दी. ज्या घरासमोर बँड थांबला, त्या घरचा कर्ता दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याची चौकशी करत माझ्या दारात उभा. मी काहीबाही सांगून टाळत असे. त्या माणसांच्या डोळ्यांत बघवत नसे.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं. आमच्याच पुढच्या खोलीत, चहा पिताना.

"मास्तर, तुम्हाला कळतं कसं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "मला काय कळत नाय, एजंटसाहेब. बँडचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. प्रत्येक घराचा निराळा येतो. भरल्या घराचा जाड, रिकाम्या घराचा पोकळ. चालता चालता मी तेवढंच ऐकतो. एखाद्या घरातून तो येतच नाय. आत जातो अन् तिथंच ऱ्हातो. मग माझा हात आपोआप वर जातो."

"आणि दारातली टाळी?"

"तीबी तेच," ते म्हणाले. "सवय."

तेव्हा मला ती टाळी का आवडत नव्हती ते कळलं. इतकी वर्षं हा माणूस माझं घर रोज तपासत होता.

लग्नाच्या सुपाऱ्या अर्थातच बंद झाल्या. मंगलकार्यात असला पाहुणा कुणाला हवा? बँडचे डगले ट्रंकेत गेले, रहीमभाई दुसऱ्या बँडात गेले, आणि मास्तर वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांच्या एका हॉटेलात संध्याकाळी पियानो वाजवू लागले. तिथं मुंबईच्या टीव्हीवरचा कुणी अधिकारी उतरला होता. त्याला मास्तरांचं वाजवणं आवडलंच, पण त्याहून त्यांचं बोलणं आवडलं. एखादी चाल कुठून आली, कुठं वळली, हे मास्तर घरच्या गोष्टीसारखं सांगत. महिन्याभरात मास्तर बंद गळ्याचा कोट घालून टीव्हीवर. "आधी ऐकून घ्या, मंडळी," असं म्हणून ते सुरुवात करत. अभिमानानं आमची छाती फुगली होती. ज्यांनी दारं लावून घेतली होती तेच लोक आता ॲन्टेना फिरवत गच्चीवर उभे. टीव्हीतला मास्तर काही रस्त्यानं चालत नव्हता, तेव्हा भीती कसली?

ते एका रविवारी कळलं. चाल रंगात आली होती आणि मास्तरांचा उजवा हात पट्ट्यांवरून उचलला गेला. वर गेला. आवाज थांबला. मास्तर मान कलती करून सरळ आमच्याकडं बघत होते. माझी सून पदरानं पोराला झाकून स्वयंपाकघरात पळाली. थोड्या वेळानं हात खाली आला आणि चाल पुढं सुरू झाली, जणू काही झालंच नाही.

पण टीव्ही तर प्रत्येकाच्या घरात होता! म्हणजे मास्तर एकाच वेळी साऱ्या गावाच्या दारात थांबले होते. ज्यानं त्यानं ते आपल्याच अंगाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओट्यावर ही गर्दी. सिडकोतले, छावणीतले, चिकलठाण्याहून सायकलवर आलेले. एक बाई चार लेकरांना घेऊन आली होती आणि एकेकाला पुढं करत विचारत होती, "हा का? ही का?" मास्तर हात जोडून ओरडत होते, "अहो, ते मुंबईत कधीचंच रेकॉर्ड झालंय! मला तुमची घरं कुठं दिसत्यात?" लोक म्हणाले, मग थांबलात का? मास्तर म्हणाले, "मी थांबलो नाय." आणि त्यांना खरंच ते आठवत नव्हतं. त्यांनी मुंबईला फोन लावला. तिकडच्या माणसानं टेप पुन्हा लावून बघितली आणि सांगितलं, चाल सलग आहे, मधे काही थांबलेलं नाही. सहक्षेपणात बिघाड झाला असेल, असं आम्ही ठरवलं. आवाज जाईल हे ठीक. हात कसा वर गेला, यावर कुणी बोललं नाही.

त्या रविवारी मास्तरांच्या घरी टीव्हीसमोर एकट्या शकूवहिनी होत्या. मास्तर बाहेर होते, मुलगी नंदा मैत्रिणीकडं गेली होती. गर्दी पांगल्यावर वहिनी कपभर चहा घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या आणि हसत म्हणाल्या, "सगळं गाव म्हनतंय आमच्यासाठी थांबले. असं कसं हो? इतकी वर्षं बघतेय, त्यांची नजर मला कळत नाय व्हय? माझ्याकडं बघून थांबले ते." मी काहीतरी थट्टेवारी नेलं. दोन महिन्यांत वहिनींच्या पोटातलं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, औषधोपचार घेतला तर आशा आहे. वहिनी घेईनात. "त्यांनी हात वर केलाय, आता गोळ्या कशाला?" एवढंच म्हणत. रडणं नाही, त्रागा नाही. त्या शांतपणानं मास्तर खचले. टीव्हीचं काम त्यांनी सोडलं, पियानोचं झाकण लावून त्यावर वहिनींच्या औषधांच्या बाटल्या मांडल्या, आणि त्या बाटल्या न उघडता तशाच राहिल्या.

नंदाचं लग्न घाईनं ठरवलं. मुलगा गावातलाच. वहिनींनी तेव्हा एक अट घातली, माझ्यासमोर घातली. "परण्या आपल्या दारावरून न्यायचा. अन् बँडपुढं तुम्ही चालायचं."

"मुलीचा बाप परण्यापुढं? लोक काय म्हनतील, शकू?"

"म्हनू द्या. मी खिडकीत बसते. न थांबता गेलात तर त्या दिवशीपासून गोळ्या सुरू करते, तुमच्या गळ्याची आन. थांबलात तर मला कुनी छळायचं नाय."

"अन् मी चाललोच नाय तर?"

"तर मी समजून जाईन."

मास्तरांना पळायला जागा ठेवली नाही त्या बाईनं.

लग्नाच्या दिवशी चारच्या उन्हात परण्या आमच्या गल्लीत वळला. मी घोड्याच्या बाजूनं चालत होतो. मास्तरांनी ट्रंकेतला लाल डगला घातला होता. तो आता अंगावर लोंबत होता. रहीमभाई हट्टानं परत आले होते आणि त्यांच्या पाठीशीच क्लॅरिनेट वाजवत होते. गल्ली दोन्ही बाजूंनी भरलेली, पण सगळ्यांच्या माना नवरदेवाकडं नव्हत्या, मास्तरांच्या हाताकडं होत्या. खिडकीत वहिनी हिरवी साडी नेसून बसल्या होत्या, अंबाडा घातला होता, चेहरा मूठभर उरला होता. मी मास्तरांकडं बघितलं. ते आपल्या घराशी आले. मान डावीकडं कलली. आणि मला दिसलं, त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. उजवा हात कोपरातून वर उचलला गेला. खांद्यापर्यंत आला. रहीमभाईंनी श्वास तोडला; क्लॅरिनेट एका क्षणापुरती मुकी झाली. मग मास्तरांनी तोच हात हवेत गरगरा फिरवला. चढवा! बँड असा कडाडला की घोडा बुजला. मास्तर उलटे चालू लागले, खिडकीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी चढवा, चढवा, आणि खिडकीत वहिनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. गल्ली ओरडत होती. मला रडू आवरेना.

वहिनींनी त्याच संध्याकाळी गोळी घेतली. जेवू लागल्या. नंदा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्यासाठी पुरणपोळ्या लाटायला बसल्या, मास्तरांना पियानो वाजवायला लावलं. त्याच आठवड्यात, दुपारच्या झोपेतून त्या उठल्या नाहीत. चेहऱ्यावर भीती नव्हती. मी बघितलंय.

गावानं याचा जो अर्थ लावायचा तो लावला. मास्तर न थांबता गेले आणि तरी त्या घरात मरण आलं. म्हणजे मास्तरांची ती विद्या गेली. सुटलो! वर्ष उलटायच्या आत सुपाऱ्या पुन्हा येऊ लागल्या. लोक आता कौतुकानं मास्तरांनाच बोलवत, कारण आता त्यांचा हात म्हणजे नुसता बँडमास्तरचा हात होता. सुतकाच्या घरापुढं ते थांबत, इतर बँडवाले थांबतात तसे, विचारून. एरवी कुठंही नाही. मी एकदा रहीमभाईंना गाठून विचारलं. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, "हाथ उठ गया था, साब. मैं फूँक छोड दिया था. उनों सुने, बराबर सुने. खाली बोले नई." आणि मग अगदी हळू, "अब भी सुनते. अब कबीच नई बोलते."

हे माहीत असलेले आम्ही दोघंच. त्यामुळं त्यानंतर मास्तरांचा बँड गेला की बाकी गाव नाचायचं आणि मी त्यांच्या मानेकडं बघत बसायचो. कधी मान कलायची आणि बँड एकदम चढायचा. लोक टाळ्या पिटायचे. मी त्या घराकडं बघायचं टाळायचो.

परवा आमच्या गल्लीतून एक परण्या गेला. मुलगा वाळूजला कारखान्यात पाळीवर, सून आणि नातू तिच्या माहेरी. घरात मी एकटा, खिडकीत चहा घेऊन उभा. मास्तर आता थकलेत, केस पांढरे, तरी पुढं तेच. नवरदेव ओळखीचा म्हणून मी हात हलवत होतो. आमच्या घरासमोर आले आणि त्यांची मान डावीकडं कलली. हात कोपरातून उचलला. मग त्यांनी तो हवेत फिरवला. बँड इतका चढला की फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. मास्तर माझ्याकडं तोंड करून उलटे चालू लागले, डोळे भरलेले, आणि हसत होते. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझ्यासाठी असं कधी वाजवलं नव्हतं. मला एकदम शकूवहिनी आठवल्या आणि माझे हात आपोआप टाळ्या वाजवू लागले. चाल सुरेख होती. मास्तरांच्या मागून चालणाऱ्या रहीमभाईंनी मात्र क्लॅरिनेट तोंडात धरून मान खाली घातली होती, आणि घर ओलांडून जाईपर्यंत त्यांनी ती वर केली नाही.